डिफ एकट्याने बसत नाही

लंडनमधल्या हॅरोला राहायला गेलो त्याच आठवड्यात मी शेजारी साबुदाण्याची खिचडी पाठवली. पाठवली म्हणजे नीरजला, माझ्या नवऱ्याला, वाडगा देऊन पिटाळलं. नवं घर, नवा देश आणि शेजारच्या दारावर ‘रामटेके’ अशी पाटी. मराठी नाव बघून मला भरूनच आलं होतं. अर्ध्या तासात आमची बेल वाजली. दारात एक उंच, काटक गृहस्थ. पांढऱ्या मिशा, निळा बॉयलर सूट, हातात माझाच वाडगा. धुतलेला, पुसलेला, आणि त्यात सोललेल्या डाळिंबाचे दाणे.

‘‘वाडगा परत,’’ ते म्हणाले. ‘‘खिचडी चांगली होती. कूट थोडं जास्त पडलं.’’

आणि गेले. मी पुण्याची. न विचारता मत देणं हा खरं तर आमचा प्रांत. तिथे एक नागपूरकर येऊन मलाच ऐकवून गेला म्हटल्यावर मी दोन मिनिटं दारातच उभी राहिले.

पुढे कळलं की रामटेकेकाकांकडे कुणाचंही भांडं रात्रभर राहत नाही. सकाळी दिलेलं संध्याकाळपर्यंत भरून परत. काही नसेल तर कुंडीतल्या चार मिरच्या तरी. रविवारी विहारात वंदनेला जाताना आम्ही गाडीत जागा आहे म्हणालो की ते म्हणत, ‘‘बस आहे ना.’’ एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम हॉलमध्ये असायचा. तिथे शंभर खुर्च्या मांडलेल्या असत आणि काका स्वतःची घडीची खुर्ची काखेत मारून येत. चहासाठी खिशात स्वतःचा स्टीलचा पेला. स्टेजवरचे लोक समतेवर बोलत असायचे आणि काका शेवटच्या रांगेच्याही मागे, स्वतःच्या खुर्चीवर, ताठ.

बरं, माणूस कंजूष म्हणावा तर तसंही नाही. आमची शिडी त्यांची, आमचं ड्रिल त्यांचं, आमच्या बॉयलरची नस त्यांनाच ठाऊक. बर्फ पडला की त्यांच्या आधी आमची वाट साफ झालेली असायची. देताना हात सैल. घ्यायची वेळ आली की मूठ बंद. ‘‘काका, मी येऊ का?’’ असं कुणी म्हणालं की ठरलेलं उत्तर यायचं. ‘‘जमते मला.’’

‘जमते मला’ हे त्या घराचं घोषवाक्यच होतं म्हणा ना. स्वतःच्या भाकऱ्या स्वतः थापायचे, शर्टाचं बटण स्वतः लावायचे, इस्त्री स्वतःची. विहारातल्या बायका त्यांच्या बायकोला, सुमनकाकूंना म्हणायच्या, ‘‘तुमचं नशीब बाई! आमच्याकडे सोफ्यावरून रिमोटसुद्धा हलत नाही.’’ सुमनकाकू हसायच्या. ते हसणं नेमकं कसलं होतं ते मला पुष्कळ उशिरा समजलं.

आता काकांची ती गाडी. काकांनी सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नलिंगमध्ये काढली. निवृत्त झाल्यावर लोक इटलीला जातात, बागेत टोमॅटो लावतात. काकांनी खोक्यांतून एक मोटार मागवली. सुटे भाग येतात, घरी जोडायची. दोनच माणसांची, अ‍ॅल्युमिनियमची, इतकी हलकी की नीरज एकदा म्हणाला, ही कौन्सिलवाले कचऱ्याच्या बिनसोबत उचलून नेतील. दारं नाहीत, छप्पर नाही, बसलं की बूड रस्त्याला लागेल की काय अशी भीती.

‘‘पावसाच्या देशात बिनछपराची गाडी,’’ काकू म्हणायच्या. ‘‘नागपुरात असते तर बिनपंख्याचं घर घेतलं असतं यांनी.’’

दोन वर्षं ते गॅरेजमध्ये होते. एकटे. मदतीला काकूंचं पोळपाट. ते गायब झालं तेव्हा काकूंनी सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं आणि शेवटी ते जॅकच्या डोक्यावर सापडलं, वर इंजिन. काकू म्हणाल्या, ‘‘अहो, मला सांगितलं असतं तर मी आणून दिलं असतं.’’ काका म्हणाले, ‘‘तुला कशाला त्रास?’’ दुसऱ्या दिवशी नवं पोळपाट ओट्यावर हजर. जुनं शेवटपर्यंत गॅरेजमध्येच राहिलं.

एकदा त्यांना मी विचारलंच. शनिवारची दुपार होती. काका ड्राइव्हवेमध्ये गाडीचं चाक काढत बसले होते, आणि आमचे हे घरात लोळत होते. मी कुंपणावरून म्हणाले, ‘‘काका, एक हाक मारायची की नीरजला. तेवढाच त्याच्या पोटाला व्यायाम.’’

काकांनी पाना खाली ठेवला.

‘‘आमच्या शाळेत पाण्याचा माठ होता,’’ ते म्हणाले. ‘‘आम्ही हात लावायचा नाही. शिपाई वरून ओतायचा, आपण ओंजळ धरायची. तो नसला तर तहान. एक दिवस तो आलाच नाही. उन्हाळा, नागपूरचा. बाकीची पोरं पिऊन येत होती आणि मी बघत होतो. त्या दिवशी ठरवलं, मागायचं नाही. कोणाला म्हणजे कोणालाच.’’

आवाज चढला नाही की उतरला नाही. सिग्नल का बिघडला याचा रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं आणि पाना परत उचलला. माझं आडनाव त्यांना माहीत होतं, त्या माठाच्या कोणत्या बाजूला माझे आजोबा उभे राहिले असते तेही माहीत होतं. तेच म्हणाले, ‘‘तुझी खिचडी सुधारली आता,’’ आणि मी घरात गेले.

दुसरी गोष्ट काकूंनी सांगितली. काकू इथल्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या नर्स होत्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोटं मात्र निमुळती. सर्जनने हात पुढे करायच्या आत त्या हातात हवं ते हत्यार ठेवायच्या. काकांना मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांनी काकूंच्याच हॉस्पिटलात, काकूंच्या सुट्टीच्या दिवशी, लायब्ररीला जातो म्हणून जाऊन ऑपरेशन करून घेतलं. घरी न्यायला कुणीतरी हवं हा तिथला नियम. काकांनी टॅक्सीवाल्याला भाऊ म्हणून उभा केला. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले असतील, तेही मदत टाळायला!

‘‘दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले तर माझ्या मैत्रिणी विचारतात, सुमन, मिस्टरांचा डोळा कसा आहे?’’ काकू म्हणाल्या. ‘‘मी म्हटलं, कोणता डोळा? सगळ्या जणी माझ्याकडे बघत राहिल्या. घरी आदल्या रात्री गॉगल लावून जेवत होते, मला वाटलं फॅशन आली अंगात.’’

मी हसत सुटले. काकू हसल्या नाहीत.

‘‘तो माठ मला माहीत आहे मुक्ता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमच्या शाळेतही होता. त्यांचं त्या जागी बरोबरच होतं. पण मी काय वरून ओतणारी आहे का? लग्न झाल्यापासून या माणसाने मला एक पेला पाणी आण म्हटलं नाही. बायका म्हणतात नशीबवान. मला वाटते, मी या घरात भाडेकरू आहे.’’

चहा निवून गेला होता. मी तो तसाच पिऊन टाकला.

मग एका वसंतात गाडी कण्हायला लागली. म्हणजे खरोखर कण्हायला. वेग घेतला की मागून ‘ऊंऽऽ’ असा आवाज. काकांनी एका फेरीत निदान केलं, डिफ गेला. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध बसवलेला लोखंडाचा अवजड गोळा. आत दातेरी चाकं असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं, आतल्याला कमी, तो हिशेब हा सांभाळतो. हे सगळं मला काकांनी तव्यावरच्या दोन भाकऱ्या फिरवून दाखवत समजावलं. एक भाकरी जळली.

काढायला एकटा माणूस पुरतो. खालून जॅक लावायचा, बोल्ट सोडायचे, की डिफ आपल्या वजनानेच उतरतो. काकांनी तो उतरवला, दुरुस्तीला पाठवला, आणि महिन्याभराने तो लाकडी खोक्यातून चकचकीत होऊन परत आला. बसवणं मात्र वेगळं प्रकरण. गाडीखाली आडवं पडून एकाने तो गोळा वर ढकलत जागेवर हलवायचा. त्याच वेळी वरून, डिकीची फळी काढून, दुसऱ्याने हात आत घालायचा. डिफचे भोकं पाडलेले दोन कान आणि चौकटीच्या पट्ट्या यांच्यामधल्या फटीत पातळ वॉशर सरकवायचे आणि मग त्या सगळ्यातून एक लांब बोल्ट पार करायचा. वॉशर नीट नसले तर डिफ सैल. गाडी चालते, पण खुळखुळत.

काकू डिकीपाशी उभ्या राहून बघत होत्या. मीही होते. काकूंनी बाह्या वर केल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुम्ही खालून ढकला. वॉशर मी लावते.’’

‘‘नको. तुझी पाठ दुखेल.’’

‘‘माझी पाठ माझी आहे.’’

‘‘सुमन, जमते मला.’’

काकूंनी बाह्या खाली केल्या. एकेक करून, बटणं लावत. आत गेल्या त्या संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या रविवारी प्रज्ञा आली, त्यांची मुलगी. मँचेस्टरला डॉक्टर आहे, इथेच जन्मलेली. काकूंच्या दोन मोठ्या बॅगा तिच्या गाडीत चढल्या. काका बॅगा उचलून देत होते, दोन्ही एकदम, कुणाला हात लावू न देता. प्रज्ञा मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘आई खूप अपसेट आहे, आणि बाबाला कळतच नाही. तो म्हणतो, मी घरातला सगळा काम करतो, मग प्रॉब्लेम काय? आय मीन, दॅट इज द प्रॉब्लेम, नाही का?’’

काकू माझ्याजवळ आल्या. ‘‘बघते जरा तिकडे राहून,’’ म्हणाल्या. ‘‘जमलं तर तिथेच राहीन. तिथे निदान कुणी आई चहा कर म्हणते.’’

काकांनी हात हलवून निरोप दिला आणि गॅरेजचं शटर वर केलं.

तिसऱ्या दिवशी मी डोकावले, तर काका गाडीखाली आणि शेजारी पोळपाटावर मळलेल्या कणकेचा गोळा. मला वाटलं एकटेपणाने माणसाचं डोकं फिरलं, आता गॅरेजमध्येच पोळ्या लाटणार. काका बाहेर सरकले.

‘‘ग्रीसने वॉशर चिकटत नाहीत,’’ ते म्हणाले. ‘‘डिफ जरा कलला की घसरतात. म्हणून कणीक. घट्ट मळली, तेल न घालता. बघ.’’

डिफच्या दोन्ही कानांवर वॉशर कणकेने चिकटवलेले. हात चार नाहीत म्हणून कणकेचा हात! मी कपाळावर हात मारला. पण संध्याकाळी डिफ बसला होता. काकांनी बोल्ट नेमका आवळायचा टॉर्क रेंच लावला, ‘कट्ट’ झालं, चाकं चढली, तेल भरलं, आणि काका हेल्मेट घालून कॉलनीत तीन फेऱ्या मारून आले. कण्हणं बंद. मिशीत हसू. नीरज तर टाळ्या वाजवत होता. काका मला म्हणाले, ‘‘बघितलं? झालं की नाही?’’ मी झालं म्हणाले. फोटो काकूंना पाठवायचा का, विचारलं. ‘‘कशाला?’’ म्हणाले. मग थोड्या वेळाने परत आले आणि म्हणाले, ‘‘पाठव.’’

काकूंचं उत्तर आलं, एक अंगठा.

त्यानंतर काकांचं सगळं अगदी पूर्वीसारखं चाललं होतं. भाकऱ्या, बस, विहार, खुर्ची. फक्त ते आता कुंपणापाशी जास्त वेळ रेंगाळायचे. आमचा कचऱ्याचा बिन न्यायचा दिवस कोणता, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. त्यांचाही तोच दिवस होता.

आणि मग गाडी ‘ठक’ म्हणायला लागली. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की ठक, दिला की ठक. काका चार दिवस त्या आवाजाशी एकटेच भांडले. पाचव्या दिवशी कुंपणावर आले.

‘‘मुक्ता, कणीक वाळली की काय होते?’’

‘‘भेगा पडतात. भुगा होतो.’’

‘‘होते ना,’’ काका म्हणाले. ‘‘वॉशरच्या मागे राहिली होती. मला दिसली नाही. आता ती गेली आणि तेवढी फट राहिली.’’ जरा थांबले. ‘‘सगळी नोकरी लोकांना सांगत आलो, तात्पुरतं काही लावू नका, गाड्या धडकतील.’’

‘‘परत काढायला लागणार?’’

‘‘काढला. सकाळीच.’’

‘‘मग नीरजला पाठवू?’’

मला वाटलं, येणार आता, जमते मला. पण काका आपल्या हातांकडे बघत होते. ‘‘नीरजची बोटं जाड आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘माझीही. त्या फटीत सुमनची जातात.’’

‘‘मग काकूंना फोन करा.’’

‘‘काय म्हणू?’’

सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि विचारत होता काय म्हणू! पण लाड करण्याची ती वेळ नव्हती. ‘‘म्हणा, ये,’’ मी म्हणाले.

हात ग्रीसने माखलेले, म्हणून फोन मी लावून दिला, स्पीकरवर, गाडीच्या बॉनेटवर ठेवला. जायला निघाले तर काकांनी मानेनेच थांब म्हटलं. काकूंनी उचलला. काकांनी मँचेस्टरच्या हवेची चौकशी केली. मग हॅरोची हवा सांगितली. मग आमचा बिनचा दिवस. काकू हं हं करत होत्या.

‘‘डिफ परत काढला,’’ काका म्हणाले.

‘‘हं.’’

‘‘एकट्याने बसत नाही तो.’’

‘‘मग शेजारी नीरज आहे ना.’’

‘‘त्याची बोटं जाड आहेत.’’

‘‘म्हणजे माझी बोटं पाहिजेत,’’ काकू म्हणाल्या. ‘‘एवढंच ना? प्रज्ञाकडून चिमटा पाठवते. लांब आहे, पोचतो.’’

बाहेरून कुणाची तरी व्हॅन गेली. काकांनी फोनजवळ तोंड नेलं, मागे घेतलं, परत नेलं. एवढी जड वस्तू त्यांनी त्या गॅरेजमध्ये कधी उचलली नसेल.

‘‘चिमटा नको,’’ काका म्हणाले. ‘‘तू ये ना, सुमन. तुझ्याबिगर होत नाही.’’

पलीकडे चालू असलेला नळ बंद झाला.

‘‘डिफचं म्हणता की तुमचं?’’

‘‘दोन्ही,’’ काका म्हणाले.

‘‘शनिवारी बघते,’’ काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. काकांनी बॉनेट पुसायला घेतलं. ते आधीच स्वच्छ होतं.

शनिवारीच आमचं विमान होतं. नीरजचं इथलं काम संपलं होतं, आम्ही पुण्याला परत चाललो होतो. टॅक्सीत सामान चढवून झालं आणि मी निरोप घ्यायला शेजारी गेले. दार उघडंच. हॉलमध्ये दोन्ही बॅगा उभ्या होत्या. गॅरेजचं शटर वर होतं, गाडी स्टँडवर, आणि गाडीखालून काकांचे फक्त दोन पाय बाहेर आले होते. वर डिकीत काकू अर्ध्या वाकलेल्या, कपाळावर दिवा बांधलेला, बाह्या कोपरापर्यंत, उजवा हात खांद्यापर्यंत आत.

‘‘डावीकडे. तुमच्या नाही, माझ्या डावीकडे,’’ काकू म्हणत होत्या. ‘‘वर. थोडा अजून. आता हलवू नका.’’

‘‘काकू, निघाले मी,’’ मी म्हणाले.

‘‘थांब गं, हात गुंतलाय.’’

‘‘मुक्ता, पोचल्यावर कळव,’’ गाडीखालून काकांचा आवाज आला, दमलेला. ‘‘आणि कूट कमी.’’

मी डिकीपाशी गेले. काकूंनी मान वळवून दिव्याचा झोत आत टाकला, मला दाखवायला. दोन्ही वॉशर जागेवर होते. लांब बोल्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत पार गेला होता, त्याचा नटसुद्धा लागला होता. काम झालेलं होतं. काकूंचा चेहरा असा फुलला होता की तसा मी त्या शेजारात कधीच पाहिला नव्हता, आणि डोळे पाण्याने भरलेले.

‘‘बसला का गं?’’ काकांनी खालून विचारलं.

काकूंनी माझ्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं. बोटाचं ग्रीस ओठाला लागलं.

‘‘नाही अजून,’’ त्या म्हणाल्या. ‘‘धरा.’’

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.

‘‘धरलंय,’’ काका म्हणाले.